‘कोनाकडं?’ : शांत गाव आणि भाड्याचं घर



आज खामगावहून एसटीने आलो. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, “पिंपयगावले कोनाकडं जाता जी?” आम्ही म्हणालो, व्याख्यान आहे. “हो, पन कोनाकडं?” आम्ही संयोजकांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. आमचा आजचा सगळा विषय त्या आजोबांनी दोन शब्दांत मांडला. माणूस गावात येतो तो कोणाकडे तरी येतो. कशाला आला, किती दिवसांसाठी आला, हे नंतर. भाडेकरू म्हणजे असा माणूस की जो कोणाकडेच आलेला नाही आणि तरी राहणार आहे.

संयोजकांनी पत्रिकेत ‘शांत गावात भाड्याचं घर : एक तात्त्विक टीका’ असं छापलं आहे. ‘तात्त्विक’ हा शब्द आमचा नाही. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक बोलायला आला की तो आपोआप चिकटतो. टीका मात्र करायची आहे. ‘शांत गावात घर भाड्याने हवं’ हे वाक्य आजकाल फार ऐकू येतं. पुण्या-मुंबईचे निवृत्त लोक बोलतात, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारी मुलं बोलतात. आणि सरकारही तेच वाक्य शिक्षकाला, ग्रामसेवकाला, आरोग्यसेविकेला हुकूम म्हणून ऐकवतं. या वाक्यात ‘शांत’ या शब्दाची किंमत कोण मोजतं, हे कोणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तीन महिने नेदरलँडमध्ये होतो. आमची भाची आइंडहोवनच्या बाजूला नोकरी करते, आणि शहरात घर मिळेना म्हणून तिने जवळच्या एका खेड्यात घर भाड्याने घेतलं आहे. खेडं म्हणजे एक चर्च, एक बेकरी, एक शाळा आणि सायकली. दुपारी दोन वाजता रस्त्यावर उभं राहिलं तर स्वतःचा श्वास ऐकू येतो.

घर मिळवताना तिला जात, धर्म, स्वयंपाकघरात काय शिजतं, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते पगाराबद्दल. पगाराच्या पावत्या दाखवा, कंपनीचं पत्र आणा, भाड्याच्या कितीपट उत्पन्न आहे ते सांगा. घर हातात आलं तेव्हा आत जमीनच नव्हती. म्हणजे खाली नुसता सिमेंटचा कोबा. तिथे बरीच घरं अशीच देतात, आधीचा भाडेकरू स्वतः घातलेली लाकडी जमीन उचलून घेऊन जातो. आपल्याकडे सोडून जाणारा फार तर बल्ब काढून नेतो. आम्ही खूप हसलो. पण नंतर लक्षात आलं की यात एक समजूत आहे. भाडेकरू स्वतःच्या पैशाने जमीन घालतो, कारण तो तिथे वर्षानुवर्षं राहणार असं त्यानेही धरलेलं असतं आणि मालकानेही. त्या देशात दहातली चारेक घरं भाड्याची आहेत. भाड्याने राहणं ही तिथे जगण्याची एक सरळ रीत आहे, घर बांधून होईपर्यंतची गैरसोय नव्हे.

पण तिथली शांतताही फुकटची नाही, बरं का. गावाच्या वेशीवर एक पाटी होती. इथले शेजारी व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना सावध करतात, अशा अर्थाची. अशा पाट्या तिथे पुष्कळ गावांत दिसतात. तिथे घरांच्या पुढच्या मोठ्या खिडक्यांना संध्याकाळीसुद्धा पडदे ओढत नाहीत. एकदा फिरायला गेलो असताना आम्ही खांद्यावर शाल टाकून अशाच एका खिडकीतलं पुस्तकांचं कपाट बघत उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी भाचीला फार सभ्यपणे विचारलं, तुमच्याकडे कोणी वडीलधारे आले आहेत का? हा त्यांच्या भाषेतला ‘कोनाकडं?’ होता.

तिथून आम्ही एका भाड्याच्या खोलीच्या दर्शनाला गेलो. लायडनजवळ राइन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे एका शल्यवैद्याच्या घरात १६६१च्या सुमारास बारूख स्पिनोझा भाडेकरू म्हणून राहायला आला. वय तिशीच्या आत. आज ते घर संग्रहालय आहे. आइनस्टाइन १९२० साली तिथे जाऊन आला होता. आम्ही चाळीस वर्षं स्पिनोझा शिकवला. ‘एथिक्स’मधल्या व्याख्या, सिद्धान्त, उपसिद्धान्त फळ्यावर लिहिले. पण हा माणूस जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिला, याकडे आम्ही वर्गात चरित्रातला एक किरकोळ तपशील म्हणून बघत आलो. त्या बुटक्या दाराशी उभं राहिल्यावर चूक कळली.

स्पिनोझाला १६५६ साली ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं. आपल्या भाषेत, वाळीत टाकलं. त्या बहिष्काराच्या मजकुरात त्याच्याशी बोलू नये, त्याचं लिखाण वाचू नये, याबरोबर त्याच्यासोबत एका छपराखाली राहू नये असंही आहे. म्हणजे बघा, बहिष्कार घालणाऱ्यांना माणसाचं मर्म बरोबर कळलेलं असतं. विचार नंतर, आधी छप्पर काढून घ्या. मग राइन्सबर्गमध्ये त्याला छप्पर का मिळालं? गाव शांत होतं म्हणून नव्हे. तिथे कॉलेजियंट नावाच्या मुक्त विचाराच्या ख्रिस्ती मंडळींचं केंद्र होतं, आणि त्या मंडळींशी त्याची ओळख होती. म्हणजे तोही ‘कोणाकडे’ गेला.

पुढे १६६३ साली तो हेगजवळच्या फोरबर्ग गावात एका चित्रकाराकडे खोली घेऊन राहिला. दिवसा भिंगं घासायची, रात्री लिहायचं. कोणाच्या अध्यात ना मध्यात. दोन वर्षांनी गावात नवा धर्मोपदेशक कोण नेमायचा यावरून भांडण पेटलं. घरमालक एका पक्षाचा. तेव्हा विरुद्ध पक्षाने लेखी आरोप केला की याच्या घरात जन्माने ज्यू असलेला एक नास्तिक राहतो आणि मागणीचा अर्ज त्यानेच लिहून दिला. भांडण मालकाचं, पण नाव निघालं भाडेकरूचं. गावात भाडेकरू कितीही गप्प राहिला तरी त्याची गणती चालू असते. असं असूनही त्या चित्रकाराने खोली खाली करून घेतली नाही, स्पिनोझा तिथे त्यानंतरही काही वर्षं राहिला. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या घरमालकाला कोणी दोन ओळी देत नाही. आम्ही मात्र आता देतो.

आता घरी येऊ या.

१९७७ साली आम्ही तर्कशास्त्र शिकवायला एका कनिष्ठ महाविद्यालयात लागलो. अकरावी-बारावी नुकतीच सुरू झाली होती. गाव हे नव्हे, पण फार लांबचंही नव्हे. आमच्याबरोबर त्याच दिवशी गणिताचे एक सर रुजू झाले. पगार सारखा, वय सारखं, दोघंही बिनलग्नाचे. आम्ही दोघं मिळून खोली बघायला निघालो. एका धाब्याच्या घरात मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडं तीस रुपये. मालकांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गावाची माहिती सांगितली, आणि मग हळूच, “सर, आडनाव काय म्हनले तुमचं?” आम्ही आमचं सांगितलं. गणिताच्या सरांनी त्यांचं सांगितलं. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग मालक म्हणाले, “असं आहे सर, खोल्या त कालच शब्द देऊन टाकला एकाले.” एकही वाईट शब्द नाही. चहा पिऊन जा म्हणाले. पाण्याचे पेले रिकामे झाले होते, चहा काही आला नाही.

त्याच संध्याकाळी मालकांचा मुलगा आम्हाला शोधत शाळेत आला. “सर, तुमाले एकट्याले पायजे असन तर बाबा देतो म्हनते.”

आम्ही घेतल्या. तीन वर्षं राहिलो त्या खोल्यांत. गणिताच्या सरांनी खामगावात खोली केली आणि तीन वर्षं एसटीने अप-डाऊन केलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी अडायची, ते उशिरा पोचायचे. दोनदा त्यांना उशिराबद्दल मेमो मिळाला. मेमोत लिहिलं होतं की आपण गावी राहत नसल्यामुळे अध्यापनावर परिणाम होतो. आम्ही त्या वेळी शेजारच्या वर्गात संवाक्य शिकवत होतो. सर्व माणसं मर्त्य आहेत वगैरे. त्या मेमोतल्या तर्कात कुठलं विधान गाळलं आहे हे आम्हाला दिसत होतं. आम्ही बोललो नाही. खोली जाईल ही भीती होती, हे आज सत्तरी उलटल्यावर सांगायला हरकत नाही. सर आमच्याशी कधी वाईट वागले नाहीत. पण त्या घरी ते एकदाही आले नाहीत आणि आम्हीही आग्रह केला नाही.

या गोष्टीतलं काहीही नवीन नाही. डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण होतं आणि राहायला जागा नव्हती. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. रोजचे दीड रुपये देत होते, म्हणजे रीतसर भाडेकरूच. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यावरून वर आले. मग हिंदू मित्राचं घर झालं, ख्रिस्ती मित्राचं झालं, जागा कुठेच झाली नाही. शेवटी एका बागेत बसून त्यांनी पुढचा विचार केला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पैशाचा प्रश्न कुठल्याच पायरीवर नव्हता, हे लक्षात घ्या. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३चा. त्यातल्या त्या नावाच्या कथेत परगावी नोकरीला गेलेला तरुण जात लपवतो आणि ती कळल्यावर मार खातो. आपले समीक्षक ही कथा विद्रोहाची म्हणून वाचतात, ते बरोबरच आहे. आम्हाला ती परगावी गेलेल्या माणसाच्या पहिल्या महिन्याची कथाही वाटते. चोरायला लागते ती जात, कारण घर आणि सोबत उघड्या नावाने मिळत नाही.

आता सरकारचा हुकूम घेऊ. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने मुख्यालयी राहावं हा नियम जुना आहे. घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला. ९ सप्टेंबर २०१९ला ग्रामविकास विभागाने निर्णय काढला की कर्मचारी मुख्यालयी राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव हवा. २०२२च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत प्रश्न मांडला की शिक्षक गावी राहत नाहीत आणि भत्ता मात्र उचलतात. त्यावर किती गदारोळ झाला, शिक्षकांचे मोर्चे निघाले, ते तुम्हाला आठवत असेल.

आम्ही या वादात कोणाच्या बाजूचे? गावाची मागणी खोटी नाही. पाचच्या गाडीने निघून जाणारा मास्तर पोरांना पाच नंतर मिळत नाही. रात्री पोर फणफणलं तर नर्सबाई गावात हवी. हे कोण नाकारेल? आणि खोटा दाखला देऊन भत्ता घेणं ही चोरीच आहे, तिला दुसरं नाव नको. पण नियमात ‘राहा’ आहे, ‘कुठे’ नाही. शाळेला शिक्षकाचं घर बहुतेक ठिकाणी नाहीच. आणि गावात भाड्याने घर ही वस्तू जवळपास अस्तित्वात नाही. २०११च्या जनगणनेत ग्रामीण भारतातली सुमारे ९५ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, भाड्याने राहणारी साडेतीन टक्केसुद्धा नव्हती. शहरात हाच आकडा सत्तावीस टक्क्यांच्या वर. म्हणजे सरकार ज्या बाजारात जाऊन घर घे म्हणतं, तो बाजारच भरत नाही. घरं नाहीत असं नाही. पोरं पुण्याला गेली, म्हातारी वारली, कुलूप लागलं, अशी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. रिकामी आहेत, पण भाड्याची नाहीत. या दोन शब्दांच्या मधे आडनाव उभं आहे, बाईमाणूस एकटी राहील का ही शंका उभी आहे, मटण शिजेल का हा प्रश्न उभा आहे. आणि गंमत म्हणजे ज्या गावाने खोली नाकारली त्याच गावाच्या ग्रामसभेने ठराव द्यायचा की हा इथे राहतो! गणिताच्या सरांना हा नियम असता तर त्यांना दोन वाटा होत्या. खोटं लिहून घ्यायचं किंवा भत्ता सोडायचा. घर नाकारणाऱ्याला मात्र नियम काहीच विचारत नाही. आमची टीका आहे ती इथे.

मालकाची बाजू अगदीच पोकळ आहे असंही आम्ही म्हणणार नाही. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण उगाच झाली नाही. मुंबईत भाडी १९४०च्या पातळीवर कशी गोठली आणि जुने भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या कसे बसले, हे इथल्या शेतकऱ्यालाही ऐकून माहीत आहे. म्हणून सगळे अकरा महिन्यांचा कागद करतात. बारा महिन्यांच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो हा १९०८च्या नोंदणी कायद्याचा नियम, तो चुकवायची ही युक्ती. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ बघा. त्यात भाड्याचा करार, कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. अकरा महिन्यांचा मंत्र महाराष्ट्रात मालकाला वाचवत नाही. खेड्यात तर कागदाचा पत्ताच नसतो, सगळं तोंडी. स्वामित्व योजनेत ड्रोन फिरले, गावठाणातल्या मालकीचं मोजमाप झालं. चांगलं झालं. मालकी कागदावर आली, बिऱ्हाडकरू तोंडीच राहिला.

आमची सूचना डच लोकांकडून उसनी आहे. तिथे घराला गुण देतात. खोलीच्या दर चौरस मीटरला एक गुण, वीज-उष्णता किती वाचते त्याचे गुण, न्हाणीघराचे गुण, आणि काय सांगावं, स्वयंपाकाच्या ओट्याच्या लांबीचेही गुण. ओटा दोन मीटरपेक्षा लांब असला तर जास्त. त्या बेरजेवरून कमाल भाडं ठरतं. १ जुलै २०२४पासून ही पद्धत मधल्या भाड्याच्या घरांनाही लागू झाली, आणि जास्त घेतलं तर भाडेकरू भाडे-समितीकडे जाऊ शकतो. त्याच्या आदल्या वर्षीच्या कायद्याने भाडेकरू कोणत्या कसोट्यांवर निवडला हे सांगणंही भाग पडलं, कारण तिथेही परकं आडनाव ऐकून घर ‘कालच गेलेलं’ असायचं. या कायद्यांनी सगळं गोड झालं असं नाही. पुष्कळ मालकांनी घरं भाड्याने देण्यापेक्षा विकायला काढली, भाचीच्या ओळखीतली दोन कुटुंबं त्यात सापडली. तरीही मोजायचं ते घर, माणूस नव्हे, ही दिशा आम्हाला पटते.

ती आपल्याकडे कशी आणायची? ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची यादी असते. कोणतं घर बंद आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ज्यांना द्यायचं आहे त्यांच्याकडून पंचायतीने घर घ्यावं, करार पंचायतीने नोंदवावा, भाडं पंचायतीच्या हमीवर मालकाला मिळावं, आणि रुजू होणाऱ्या शिक्षकाच्या, नर्सच्या हातात हजेरीच्या दिवशी किल्ली पडावी. मालकाने आडनाव विचारायची जागाच ठेवायची नाही. त्याला भाडेकरू बसून राहील ही भीती, तीही पंचायत मधे असल्याने कमी होते. हे झाल्यावर मुख्यालयाचा नियम खुशाल कडक करा. पिंपळगाव राजा तसं अगदी लहान नाही, बाजारपेठ आहे, पोलीस स्टेशन आहे, बाहेरून नोकरीला येणारे पुष्कळ आहेत. सरपंच समोर बसले आहेत म्हणून बोलतो.

कांट म्हणतो की परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे, पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही, त्याला वेगळा करार लागतो. वर्गात आम्ही हे वाक्य देशांच्या संदर्भात शिकवायचो. पण भाडेकरू पाहुणाही नसतो आणि घरचाही नसतो. तो पैसे देतो, आणि पैसे दिल्यामुळे उपकारातून मोकळा होतो, ओळख सांगण्यातून मोकळा होतो. भाडं या गोष्टीतला मोठेपणा हाच. तीस रुपये देऊनही ती मोकळीक सरांना मिळाली नसती, आम्हाला न मागता मिळाली.

मागून कोणी चिठ्ठी पाठवली आहे. वाचतो. “सर, तुमच्या स्वतःच्या घरात भाडेकरू आहे का?” चिठ्ठी पाठवणाऱ्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं.

वरच्या दोन खोल्या आहेत, खामगावात. गेल्या वर्षीपर्यंत एक बँकेतले गृहस्थ होते. ते गेल्यावर एका नर्सबाईंचा फोन आला, खोल्या आहेत का म्हणून. आम्ही भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, आणि मग तोंडातून निघून गेलं, “आडनाव काय म्हणालात?” त्यांनी सांगितलं. आम्ही म्हणालो, या बघायला. त्या म्हणाल्या, बघते. आल्या नाहीत. आमच्या प्रश्नानंतर त्या किती वेळ गप्प होत्या ते आम्ही मोजलं नाही, पण ते गप्प राहणं आम्ही १९७७ साली एकदा ऐकलं होतं. नंबर जपून ठेवला आहे. आठ दिवसांनी लावला तर दुसरीकडे जागा मिळाल्याचं कळलं. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा आम्हाला अधिकार नव्हता.

खोल्या अजून रिकाम्या आहेत. परतीची गाडी साडेसहाची आहे असं संयोजक खुणावताहेत, थांबतो.